विद्यार्थी-चर्चासत्रासाठी शोधनिबंध कसा तयार करावा

कला शाखेच्या महाविद्यालयांत होणाऱ्या विद्यार्थी-चर्चासत्रांत ‘महाराष्ट्रातील दुष्काळ : एक अभ्यास’ अशा धाटणीच्या शीर्षकांचे निबंध हमखास आढळतात आणि बहुधा ते दोन-तीन पुस्तकांच्या सारांशापलीकडे जात नाहीत. पदवीच्या विद्यार्थ्याजवळ वेळ थोडा आणि प्रवासाला पैसा त्याहून थोडा असल्याने, जी साधने तो स्वतः हाताळू शकेल त्यांच्याच आवाक्यातला प्रश्न त्याने निवडावा. उदाहरणार्थ, बहात्तरच्या दुष्काळात आपल्या गावच्या पाझर तलावाच्या कामावर कोणत्या घरांतील माणसे गेली, कोणत्या घरांतील गेली नाहीत आणि त्याची कारणे आज कशी सांगितली जातात, हा प्रश्न तीन महिन्यांत तडीस नेता येतो.

प्रश्न ठरल्यावर आधी कागद पाहावेत आणि मग माणसांकडे जावे. 1971 च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जिल्हा गॅझेटियर आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या ग्रंथालयातील त्या काळच्या वृत्तपत्रांच्या फायली एवढ्यावरून गावाची लोकसंख्या आणि परिसरातील दुष्काळी कामांचा साधारण अंदाज येतो. त्या कामांवर अठराव्या वर्षी गेलेली व्यक्ती आज सत्तरीच्या पुढे आहे, त्यामुळे मुलाखती लांबणीवर टाकू नयेत. खडी फोडणे, मिलो ज्वारी (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ) यांच्या आठवणी बहुतेक जण आपणहून सांगतात. अडचण येते ती कालक्रमाची. रोजगार हमीचा कायदा 1977 साली संमत झाला आणि 1979 पासून अमलात आला, परंतु सांगणाऱ्याच्या मनात आधीची दुष्काळी कामे आणि नंतरची हमीची कामे एकमेकांत मिसळलेली असतात. अशा वेळी थेट साल न विचारता, ‘तेव्हा तुमचे लग्न झाले होते का, थोरला मुलगा जन्मला होता का’ असे विचारावे आणि त्यावरून साल काढावे. आठवण आणि कागद यांत विसंगती आढळल्यास ती झाकू नये, कारण निबंधातील सर्वांत वाचनीय भाग अनेकदा तिथेच सापडतो.

ध्वनिमुद्रणापूर्वी संमती घ्यावी आणि नावे बदलावीत. लहान गावात केवळ नाव बदलून माणूस लपत नाही, म्हणून वस्ती, नाते आणि व्यवसाय यांचे तपशीलही जपून द्यावेत. कामावर कोण कोणाजवळ बसून जेवत असे किंवा पाणी कोण भरत असे, हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नयेत. ते टाळूही नयेत, अन्यथा जातीचा उल्लेख नसलेला गावाचा खोटा इतिहास तयार होतो.

गोषवारा अडीचशे शब्दांचा पुरे. त्यात प्रश्न, साधने आणि हाती आलेले उत्तर असावे. ‘प्रस्तुत निबंधात आढावा घेतला जाईल’ हे वाक्य सरळ गाळावे. वाचनासाठी पंधरा मिनिटे मिळत असतील तर तेराशे-चौदाशे शब्दांहून अधिक मजकूर नेऊ नये आणि पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवू नये.

संयोजकांनी एका सत्रात तीनच निबंध ठेवावेत आणि प्रत्येक निबंध आठवडाभर आधी एका भाष्यकाराकडे द्यावा. भाष्यकार दुसऱ्या विभागातील असल्यास उत्तम, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला मजुरीच्या दराविषयीचा नेमका प्रश्न अर्थशास्त्राचा प्राध्यापक विचारतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि शाल-श्रीफळ यांत सकाळ संपते आणि चर्चेला पाच मिनिटे उरतात, असा अनुभव सार्वत्रिक असल्याने उद्घाटनाची वेळ कार्यक्रमपत्रिकेतच अर्ध्या तासावर बांधून टाकावी.

चर्चेत आलेले आक्षेप विद्यार्थ्याने जागेवरच लिहून घ्यावेत आणि पंधरवड्यात सुधारित निबंध द्यावा. ज्यांनी तशी परवानगी दिली असेल त्यांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि त्याचे शब्दांकन, तारीख व ठिकाण नोंदवून, महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करावे आणि एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी पोहोचवावी.