गिअर पडताना हिसका बसतो? जुन्या होंडा सीआर-व्ही ऑटोमॅटिकमधला दोष असा शोधावा

दहा-पंधरा वर्षं चाललेली ऑटोमॅटिक गाडी हिसके द्यायला लागली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं, "गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल." फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या बाबतीत तर हे वाक्य फार लवकर येतं. अशा गाडीत हिसका बसण्याच्या जागा चार-पाच असतात आणि गिअरबॉक्स ही त्यातली फक्त एक. म्हणून शोध स्वस्तातल्या कारणापासून सुरू करून महागाच्या कारणाकडे न्यायचा. गिअरबॉक्स उघडण्याचा निर्णय सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी २००७ ते २०१२ च्या दरम्यानची, २.४ लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची ऑटोमॅटिक फोर-व्हील-ड्राइव्ह सीआर-व्ही घेऊ. सेकंडहँड बाजारात ही गाडी अजून चांगली फिरते आहे. पद्धत इतर गाड्यांनाही लागू पडते, पण ऑइलचा प्रकार आणि मापं ज्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावीत.

आधी हिसक्याची वेळ पकडा

"गाडी झटका देते" एवढ्यावर कुणालाच निदान करता येत नाही. दोन-तीन दिवस गाडी चालवताना शेजारी बसलेल्याला वहीत लिहायला सांगा: इंजिन थंड होतं की गरम, वेग किती, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) किती, रस्ता सरळ होता की वळण, पाय कुठल्या पेडलवर होता. त्यातून बहुतेक वेळा खालीलपैकी एक चित्र दिसतं.

उभ्या गाडीत पी (पार्क) मधून आर (रिव्हर्स) किंवा डी (ड्राइव्ह) मध्ये टाकताना धप्पकन आवाज येतो: इंजिनाचे माउंट (इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी टेकू) किंवा वाढलेला आयडल (रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग).

पहिल्यातून दुसरा किंवा दुसऱ्यातून तिसरा गिअर पडताना मागून कुणी ढकलल्यासारखं होतं: जुनं ऑइल, सोलेनॉइड (ऑइलचा दाब नियंत्रित करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह) किंवा प्रेशर स्विच (दाब आल्याचं गाडीच्या संगणकाला सांगणारा).

गिअर बदलताना आरपीएम एकदम चढतो आणि गाडी मात्र ओढत नाही: ऑइल कमी आहे, किंवा आतले क्लच घसरतायत. हे लक्षण गंभीर.

साठ ते ऐंशीच्या वेगात, हलक्या रेसवर, रस्त्यावरच्या पट्ट्यांवरून जावं तशी थरथर होते: टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक-अप क्लच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच, किंवा इंजिनातलं मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं).

पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण काटून वळताना मागून घुमल्यासारखा आवाज आणि ठेचकाळणं: मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी). हे लक्षण गिअरबॉक्सच्या नावावर हमखास चुकीचं लिहिलं जातं.

ऑइलची पातळी: इथे बहुतेकांचं चुकतं

होंडाच्या गिअरबॉक्सची पातळी इंजिन चालू ठेवून बघायची नसते. गाडी सपाट जागी लावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. मग इंजिन बंद करा. त्यानंतर ६० ते ९० सेकंदांच्या आत पिवळ्या कडीची डिपस्टिक काढा, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. पाच मिनिटं थांबून बघितलं किंवा थंड गाडीत बघितलं, तर आकडा खोटा येतो. त्यावर विश्वास ठेवून वरून ओतलेलं जास्तीचं ऑइल फिरत्या गिअरनी घुसळलं जातं आणि त्याला फेस येतो. फेसाळलेल्या ऑइलने दाब धरत नाही आणि हिसका उलट वाढतो.

डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर किंवा फिकट तपकिरी असेल तर ठीक. गडद तपकिरी असेल तर ऑइल बदलायला झालंय. काळा आणि करपलेल्या वासाचा थेंब म्हणजे क्लचच्या पट्ट्या जळतायत. आणि गुलाबी, दुधाळ, ताकासारखा दिसला तर गाडी त्याच क्षणी बंद करा. ऑइल गार करणारी नळी रेडिएटरच्या टाकीतून जाते. ती आतून फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं. अशा वेळी आणखी दहा किलोमीटर चालवणंसुद्धा महागात पडतं.

संगणक काय म्हणतो ते वाचा

मीटरमधला डी चा दिवा लुकलुकत असेल, तर गाडीने दोष नोंदवून ठेवलाय. ओबीडी-टू स्कॅनर (संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावा आणि कोड पुसण्याआधी लिहून घ्या. पी०७०० हा नुसता "गिअरबॉक्सकडे बघा" असा निरोप असतो, खरा कोड त्याच्या सोबतचा. पी०७१५ आणि पी०७२० हे वेग मोजणाऱ्या सेन्सरचे, पी०७४० लॉक-अप क्लचचा, पी०८४७ प्रेशर स्विचच्या सर्किटचा. पी०७३० म्हणजे मागितलेल्या गिअरचं गुणोत्तर मिळत नाही, अर्थात कुठेतरी घसरण आहे.

कोड नाही म्हणजे दोष नाही असं समजू नका. ऑइल जुनं झालं किंवा माउंट फाटला तर संगणकाला त्याचा पत्ता नसतो. बॅटरीचीही तपासणी करून घ्या. मरत आलेल्या बॅटरीवर व्होल्टेज पडतं आणि सोलेनॉइडचं काम लहरी होतं.

इंजिनाचा दोष गिअरबॉक्सवर ढकलू नका

बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय घट्ट दाबून कुणालातरी आर आणि डी मध्ये आलटून-पालटून टाकायला सांगा. तुम्ही बाजूला उभं राहून बघा. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहता कामा नये. इंजिन थोडं हलणारच. पण ते दोन बोटं उचललं जाऊन आदळत असेल, तर माउंट गेलाय. यातल्या काही माउंटमध्ये द्रव भरलेला असतो. रबर चिरलं की तो ओघळून खाली काळा, चिकट डाग पडतो. टॉर्चने तो डाग आधी शोधा.

गरम इंजिनाचा आयडल ७०० च्या आसपास हवा. थ्रॉटल बॉडीवर (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) काजळी बसून तो हजारावर गेला असेल, तर डी मध्ये टाकताना धक्का बसणारच, त्यात गिअरबॉक्सचा काही दोष नाही.

साठ-ऐंशीच्या थरथरीसाठी एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, थरथर सुरू झाली की रेस तशीच ठेवून डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका, ब्रेकलाइट लागेल इतकाच दाबा. ब्रेकचा इशारा मिळताच संगणक लॉक-अप सोडतो आणि आरपीएम किंचित वर जातो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष लॉक-अप क्लचचा. थांबली नाही तर स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल तपासा.

मागचा डिफरन्शियल आणि टायर: फोर-व्हील-ड्राइव्हची खरी मेख

या गाडीत मागच्या चाकांना ताकद देणारी यंत्रणा दोन पंपांवर चालते. एक पंप प्रोपेलर शाफ्टवर (पुढून मागे ताकद नेणारा दांडा), म्हणजे पुढच्या चाकांच्या गतीने फिरतो. दुसरा मागच्या चाकांच्या गतीने. दोघांची गती सारखी असेल तर एकाने ढकललेलं ऑइल दुसरा ओढून घेतो आणि दाब तयार होत नाही. पुढची चाकं चिखलात घसरून जास्त फिरली की दाब वाढतो, क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि मागची चाकं ओढायला लागतात.

आता स्टेअरिंग पूर्ण काटून वळताना काय होतं बघा. पुढची चाकं मोठ्या वर्तुळावर, मागची लहान वर्तुळावर. गतीत फरक पडतो आणि चकत्या थोड्या दाबल्या जातात. ऑइल ताजं असेल तर त्या अलगद सरकतात. जुनं झालं की चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, आणि गाडी मागून "घुर्र घुर्र" करत ठेचकाळते. आत बसलेल्याला वाटतं गिअर अडकला.

परीक्षा अशी: गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा. मोकळ्या पटांगणात डी मध्ये, आठ-दहाच्या वेगाने, स्टेअरिंग पूर्ण काटून दोन्ही दिशांना दोन-दोन फेऱ्या मारा. मागून घुमणं आणि हिसके आले तर डिफरन्शियलचं ऑइल. पुढून टक-टक-टक असा कोरडा आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ताकद पोचवणारा सांधा).

इथे होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड-टू लागतं, सव्वा लिटरपर्यंत. साधं ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं तर ठेचकाळणं वाढतं. आधी वरचा, भरण्याचा बोल्ट सैल करा. तो सुटतोय याची खात्री झाल्यावरच खालचा काढा, नाहीतर रिकाम्या डिफरन्शियलची गाडी हलवता येत नाही. भोकातून ऑइल ओघळू लागेपर्यंत भरा आणि दोन्ही बोल्टना नवे वॉशर घाला. आवाज फार असेल तर पटांगणातल्या फेऱ्या पुन्हा मारून तेच काम दुसऱ्यांदा करा. चकत्यांत मुरलेलं जुनं ऑइल पहिल्या खेपेला सगळं निघत नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली असेल आणि निघालेलं ऑइल दुधाळ असेल, तर पाणी आत गेलंय. ते बदलायला पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

टायरचाही इथे थेट संबंध आहे. "आता दोनच घाला, बाकी दोन पुढच्या वर्षी" हा सल्ला या गाडीला घातक. मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर असतील, तर पुढची चाकं सरळ रस्त्यावरही सतत जास्त फिरतात आणि पंपांना कायम फरक दिसतो. २२५/६५ आर १७ मापाच्या नव्या टायरचा घेर साधारण २२७ सेंटीमीटर भरतो. नक्षी ४ मिलिमीटर झिजली की तो अडीच सेंटीमीटरने कमी होतो. घरी मोजायचं तर चारही टायरमध्ये सारखी हवा भरा, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी सरळ ढकलून एक फेरी पूर्ण करा आणि दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. चारही चाकांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

गिअरबॉक्सचं ऑइल: एकदा बदलून भागत नाही

या गिअरबॉक्समध्ये एकूण सुमारे ७ लिटर ऑइल असतं, पण खालचा बोल्ट काढल्यावर अडीच लिटरच्या आसपासच निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि नळ्यांमध्ये राहतं. म्हणजे एकदा बदललं तर जेमतेम ३६ टक्के ऑइल नवं. दुसऱ्यांदा बदलल्यावर ५९ आणि तिसऱ्यांदा ७३ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणून तीन वेळा बदला आणि दर दोन वेळांच्या मध्ये गाडी सगळ्या गिअरमधून, रिव्हर्ससकट, चालवा. आठ लिटर ऑइल आणून ठेवा. होंडाचं जुनं झेड-वन आता डीडब्ल्यू-वनने बदललंय, ते जुन्यात मिसळलं तरी चालतं. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं लिहिलेला डबा टाळा. मशीनने दाबाखाली फ्लश करून घेऊ नका, सुटलेली घाण अरुंद वाहिन्यांत जाऊन बसण्याची भीती असते.

बोल्टला चौकोनी खाच असते, त्यात ३/८ इंची रॅचेट थेट बसतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, चार स्टँड किंवा रॅम्प हवाच. जितकं निघालं तितकंच मोजून भरा. बोल्ट ४९ न्यूटन-मीटरला आवळा. केस ॲल्युमिनियमची आहे, जास्त ताकद लावली तर आटे जातात.

बोल्टच्या टोकाला चुंबक असतं. त्यावरचा मळ बोटावर घेऊन चोळा. मऊ, काजळासारखा राखाडी लेप ही नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण किंवा चमकणारे तुकडे निघाले तर बेअरिंग किंवा गिअर तुटतोय, आणि पुढच्या पायऱ्यांवर खर्च करण्यात अर्थ नाही.

"जुन्या गाडीचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स बसतो" ही भीती बरीच पसरलेली आहे. ज्याचे क्लच आधीच घसरत होते तो गिअरबॉक्स ऑइल बदलल्यावरही बसतो, न बदलताही बसतो. नुसते हिसके असतील आणि घसरण नसेल, तर ऑइल बदलायला अजिबात कचरू नका. पुढे दर ४० हजार किलोमीटरला गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, दोन्हींचं ऑइल बदलत राहा.

तरीही हिसका राहिला तर

गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला क्लचचा दाब नियंत्रित करणारे सोलेनॉइड असतात. प्लग काढून मल्टिमीटर लावा, ३ ते १० ओहम यायला हवेत. आकडा बरोबर असूनही ते घाणीने अडकू शकतात. काढून बघितलं तर गॅस्केटमधल्या बारीक जाळीवर राखाडी चिखल दिसतो. स्प्रेने स्वच्छ करा, गॅस्केट नवीच घाला. क्लचमध्ये दाब आला हे संगणकाला सांगणारे प्रेशर स्विचही बाहेरच असतात. ते उशिरा बोलायला लागले की संगणकाचं वेळेचं गणित चुकतं आणि ठरावीक गिअरलाच हिसका बसतो. हे स्विच दोन्ही एकदम बदलावेत. कामानंतर बॅटरी काढणार असाल, तर म्युझिक सिस्टिमचा कोड हाताशी ठेवा.

करपलेलं ऑइल, पी०७३० आणि चढणारा आरपीएम, ही तिन्ही एकत्र असतील तर मात्र गिअरबॉक्स खोलावाच लागतो. त्याआधी गॅरेजकडून गेज लावून दाब मोजून घ्या आणि आकडे कागदावर मागा. खोललाच तर टॉर्क कन्व्हर्टर आणि ऑइल कूलर सोडू नका. जुना चुरा कूलरमध्ये राहिला तर तो नव्या क्लचवर येऊन बसतो. आणि गाडी गॅरेजपर्यंत न्यायची ती चारही चाकं उचलून, फ्लॅटबेडवर. पुढची दोन उचलून मागची फरफटत नेली, तर चांगला राहिलेला डिफरन्शियलही त्याच दिवशी जातो.