जुन्या पीसीला मॉनिटर जोडण्याआधी कार्ड ओळखा

जुना पीसी हाती आला की वीज देण्याआधी त्याची मागची बाजू बघा. मॉनिटरला चित्र पाठवणारी एमडीए, सीजीए, हर्क्युलिस आणि ईजीए ही जुनी व्हिडिओ कार्डं. या चारही कार्डांवर ९ पिनांचं सारखंच सॉकेट असतं. प्लग कुणाचाही कुणालाही बसतो, सिग्नल मात्र जुळत नाही. आयबीएमचा हिरव्या अक्षरांचा, एमडीएसाठीचा ५१५१ मॉनिटर १८.४ किलोहर्ट्झचा आहे, म्हणजे पडद्यावर सेकंदाला साधारण १८,४०० ओळी रंगवतो. सीजीएचा १५.७ किलोहर्ट्झचा सिग्नल त्याला दिलात तर आतलं सर्किट जळू शकतं. असे मॉनिटर आता कुणी बनवत नाही, म्हणून या पायरीवर मी कुणालाच घाई करू देत नाही.

९ पिनांच्या सॉकेटशेजारी प्रिंटरचं २५ पिनांचं सॉकेट असेल, तर कार्ड बहुतेक एमडीए (१९८१) किंवा हर्क्युलिस (१९८२). एमडीएवर मेमरी फक्त ४ केबी, तीही अक्षरांपुरती. चित्र काढणं त्याला जमतच नाही. हर्क्युलिसने त्याच मॉनिटरवर ७२० × ३४८ ठिपक्यांची चित्रं आणली, आणि माझ्या मते त्या काळातली सगळ्यात शहाणी सुधारणा हीच. शेजारी एकच गोल आरसीए सॉकेट दिसलं तर सीजीए. आयबीएमच्या मूळ ईजीएवर (१९८४) अशी दोन गोल सॉकेटं असतात आणि कार्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीतूनच हाताला लागणारे चार छोटे स्विच असतात. हे स्विच मॉनिटरप्रमाणे लावायचे. तीन ओळींत १५ पिना असतील तर व्हीजीए (१९८७). त्याचा सिग्नल ॲनालॉग, ३१.५ किलोहर्ट्झचा, आणि त्याला मॉनिटर मिळवणंही सोपं.

कार्ड ओळखलं की आयबीएमच्या मूळ पीसीच्या मदरबोर्डवरचा पहिला स्विचसंच बघा. ५ आणि ६ नंबरचे स्विच दोन्ही बंद म्हणजे एमडीए, दोन्ही चालू म्हणजे ईजीए. ८० कॉलमच्या, म्हणजे एका ओळीत ८० अक्षरं दाखवणाऱ्या सीजीएला ५ चालू, ६ बंद. सुरू करताना एक लांब आणि दोन आखूड बीप ऐकू आले, तर पहिला संशय इथे किंवा कार्ड नीट न बसण्यावर घ्या.

सीजीएचे रंग तपासताना ६ नंबरचा रंग नीट बघा. सिग्नलच्या हिशोबाने तो गडद पिवळा, पण आयबीएमच्या ५१५३ मॉनिटरमध्ये हिरवा कमी करून त्याचा तपकिरी करणारं खास सर्किट आहे. दुसऱ्या एखाद्या मॉनिटरवर तो मळकट पिवळा दिसला तर कार्डाला दोष देऊ नका.

सीजीएच्या पडद्यावर अक्षरांमध्ये पांढरे ठिपके भुरभुरताना दिसले की लोक लगेच मेमरीच्या चिपा उपटायला धावतात. थांबा. सीजीएच्या मेमरीत एका वेळी एकालाच शिरता येतं. ८० कॉलमच्या अक्षरांत पडदा रंगवणारं सर्किट वाचत असतानाच प्रोसेसरने लिहिलं, तर क्षणभर चुकीचा डेटा पडद्यावर जातो. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘मोड सीओ४०’ (MODE CO40) ही कमांड देऊन ४० कॉलमवर या आणि तोच प्रोग्राम परत चालवा. ठिपके गेले तर कार्ड ठणठणीत आहे. राहिले, तर मग चिपांकडे वळा.