एडीएचडीसाठी डॉक्टरांकडे जाण्याआधी घराण्याचा तक्ता कसा काढावा

"आमच्या घराण्यात असं कुणीच नाही," सासूबाई म्हणाल्या. संध्याकाळी माझ्या आईनेही फोनवर अक्षर न बदलता तेच सांगितलं. दोघींचं खरं मानलं, तर आमचा मुलगा आभाळातूनच पडला असणार.

चूक माझीच होती. मी विचारत होते, "कुणाला एडीएचडी होतं का?" म्हणजे लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ, उतावळेपणा. हे नावच मुळी १९८७ सालचं. त्याच्या कितीतरी आधी शाळा संपवलेल्या माणसाला ते कोण चिकटवणार? घरात त्यासाठी वेगळे शब्द असतात: धांदरट, वेंधळा, एक ना धड, पायाला भिंगरी. तेव्हा आजाराचं नाव विचारूच नका. सवयी विचारा.

मोठा कागद आडवा घ्या. तळाशी मूल, वर आईबाप आणि त्यांची सख्खी भावंडं, त्यावर दोन्हीकडचे आजीआजोबा. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. चुलत-मामे भावंडं बाजूला बसवा. प्रत्येकाशेजारी दोन ओळींची जागा ठेवा आणि तिथे निदान लिहू नका, घडलेलं लिहा. माझ्या मामाच्या चौकोनाशेजारी "दहा वर्षांत सात धंदे, पहिले सहा महिने प्रत्येक उत्तम" असं आहे. सासऱ्यांच्या शेजारी, "जेवतानाही उभे". डॉक्टरांना "जरा चंचल" यातून काही कळत नाही, सात धंद्यांमधून कळतं.

माणसाबद्दल त्यालाच विचारण्यापेक्षा त्याच्या बहिणीला विचारा. आत्याने तासाभरात जे सांगितलं ते सासऱ्यांनी जन्मात कबूल केलं नसतं. शाळेतून कोणत्या तक्रारी यायच्या, वस्तू किती हरवायच्या, रांगेत उभं राहवायचं का, बोलणाऱ्याला मध्येच तोडायची सवय होती का, असे साधे प्रश्न. आणि हे कोणत्या वयापासून, तेही लिहा. निदानाच्या निकषांत काही लक्षणं बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. चाळिशीत एखाद्या धक्क्यानंतर सुरू झालेला विसराळूपणा वेगळा. नैराश्य, व्यसन, वाचन-लेखनाच्या अडचणी यांचीही नोंद ठेवा, कारण एडीएचडीशी यांचे जनुकीय धागे काही प्रमाणात जुळतात.

बायकांची वर्तुळं रिकामी सोडू नका. खिडकीबाहेर बघत बसणारी शांत मुलगी वर्गाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याविषयी तक्रारही येत नाही. माझं वर्तुळ मी शेवटपर्यंत कोरं ठेवलं होतं. नवऱ्याने पेन मागून घेतलं आणि लिहिलं: किल्ल्या फ्रिजमध्ये, चार कोर्स अर्धवट, खात्यात पैसे असून बिलाला दंड. मी दिवसभर त्याच्याशी बोलले नाही. खोडलंही नाही.

आता तो बदनाम आकडा. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता साधारण ७४ टक्के काढली जाते. याचा अर्थ मुलाला एडीएचडी होण्याची शक्यता ७४ टक्के, असा नाही. एका मुलाच्या त्रासातला पाऊण भाग जनुकांचा, असाही नाही. समाजात या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश फरक जनुकीय फरकांशी जोडता येतो, एवढंच. कमी दिवसांचं बाळंतपण, जन्मवेळी कमी वजन यांचाही जोखमीशी संबंध दिसतो. शिस्त कमी पडली म्हणून एडीएचडी होत नाही; हे वाक्य मी दोन्ही आज्यांना स्वतंत्रपणे ऐकवलं.

"मग रक्त तपासून जनुक शोधू की," दीर म्हणाले. असं एक जनुक नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या ३८,६९१ जणांचा डीएनए इतरांशी ताडून पाहिला, तेव्हा जनुकसंचात २७ ठिकाणं ठळक दिसली. त्यातल्या एकेकाचा परिणाम चिमूटभर. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित ज्या एकदोन जनुकांचा पूर्वी गाजावाजा झाला, ती अशा मोठ्या चाचण्यांत ठळकपणे वर आली नाहीत. म्हणून एडीएचडी ओळखण्यासाठी जनुकचाचणीवर पैसे घालवू नका. मुलाची एकूण वाढ मागे असेल, फिट्स येत असतील, चेहऱ्या-शरीराची ठेवण वेगळी असेल, तर फ्रॅजाइल एक्ससारख्या जनुकीय आजारांसाठी डॉक्टर स्वतःच तपासणी सुचवतील. ते प्रकरण निराळं.

तक्ता म्हणजे निदानही नव्हे. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे काय घडतं ते सांगावंच लागतं. शिक्षकांकडून चार ओळी लिहून आणा, जुनी प्रगतिपुस्तकं पिशवीत टाका. मी ती टाकली आणि पिशवी घरी विसरले.

तक्ता मात्र हातात होता. डॉक्टरांनी तो शांतपणे वाचला, मामाच्या सात धंद्यांवर हसल्या आणि विचारलं ते भलतंच: "घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलंय का?" एडीएचडीची उत्तेजक औषधं नाडी आणि रक्तदाब थोडे वाढवू शकतात, म्हणून सुरू करण्याआधी हे विचारतात. तीन पिढ्यांच्या सवयी लिहिल्या होत्या, मरणाची कारणं एकाचीही नव्हती. बाहेर येऊन आत्याला फोन लावला. तुम्ही तो रकाना आधीच आखून ठेवा.