आधी कळस, मग पाया: हेरिटेज खेळाडूंवर संघ उभारताना या चुका टाळा

१५ ऑक्टोबर २०२२. न्यूकॅसलच्या सेंट जेम्स पार्कवर रग्बी लीग विश्वचषकाचा पहिला सामना. इंग्लंड ६०, सामोआ ६. सामोआकडे ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या अव्वल व्यावसायिक लीगमधली नावाजलेली मंडळी होती, त्यामुळे पाहणाऱ्यांना हसावं की रडावं ते कळेना. मग १२ नोव्हेंबरला लंडनच्या एमिरेट्स स्टेडियमवर तेच दोन संघ उपांत्य फेरीत पुन्हा समोरासमोर आले आणि सामोआ २७-२६ ने जिंकलं. गोल्डन पॉइंटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर जो आधी गुण मिळवेल तो जिंकतो अशा जादा वेळेत, स्टीफन क्रायटनने ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टेकवून मारलेली किक) मारला आणि सामोआ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचलं.

या अठ्ठावीस दिवसांत संघ काही नवा झाला नव्हता. मग बदललं काय? छोट्या देशांच्या संघांबाबत होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ याच प्रश्नात सापडतं.

थोडी ओळख आधी. हेरिटेज खेळाडू म्हणजे दुसऱ्या देशात वाढलेला, पण आई-वडील किंवा आजी-आजोबांच्या जन्मस्थानामुळे त्यांच्या मूळ देशाकडून खेळू शकणारा खेळाडू. तेरा जणांच्या या खेळात व्यावसायिक पैसा प्रामुख्याने ऑस्ट्रेलिया आणि उत्तर इंग्लंडमध्ये आहे. म्हणून लेबनॉन, इटली, ग्रीस, जमैका, स्कॉटलंड असे संघ सिडनी किंवा लीड्समधल्या घराघरांतून गोळा होतात. यात गैर काहीच नाही. गैर होतं ते पुढे.

चूक पहिली: नावं मोजली, दिवस मोजले नाहीत

२०२२ चा एनआरएलचा अंतिम सामना २ ऑक्टोबरला झाला. सामोआचे जरोम लुआई, ब्रायन टोओ आणि क्रायटन त्यात पेनरिथ क्लबकडून खेळले आणि कर्णधार ज्युनियर पाउलो समोरच्या पॅरामाटाकडून. म्हणजे महिनाभर एकमेकांविरुद्ध डावपेच आखणारी माणसं जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तेरा दिवसांत एक संघ म्हणून उतरली. इंग्लंडविरुद्धचा तो पहिला सामना ही खरं तर त्यांची पहिली मोठी तालीम होती. फक्त ती हजारो लोकांसमोर झाली आणि गुणफलकावर नोंदली गेली.

लक्षण ओळखायला सोपं आहे. पहिल्या वीस मिनिटांत संघ टक्करीत बरोबरीचा दिसतो, पण बचावाची रांग एका रेषेत पुढे येत नाही. दोन खेळाडू एकाच माणसाला टॅकल करतात, म्हणजे धरून पाडतात, आणि शेजारी दार सताड उघडं राहतं. पाचव्या टॅकलनंतर (सहाव्याला चेंडू समोरच्यांकडे जातो) किक कोण मारणार, यावर मैदानातच नजरानजर होते. ताकद कमी पडत नसते, सवय कमी पडत असते.

यावर उपाय म्हणजे खेळाची योजना निम्मी करा. क्लबमध्ये दहा महिने घोटून घेतलेल्या चाली दहा दिवसांत बसत नाहीत. बचावाचा एकच नियम, किकच्या दोनच पद्धती आणि चेंडू मिळाल्यावर कुणी बोलायचं ते एकच नाव, एवढं पुरतं. आणि निवड करताना हुकर (टॅकलनंतर चेंडू उचलून पुढे देणारा), दोन हाफ (चाली रचणारे) आणि फुलबॅक (सर्वांत मागे उभा राहणारा) हे चौघं आधी ठरवा. हेरिटेज यादीत धिप्पाड फॉरवर्ड आणि वेगवान विंगर बरेच मिळतात. खेळ चालवणारे हाफ मात्र दुर्मिळ असतात, कारण तसा हाफ असला की त्याच्यावर मोठ्या देशाचीही नजर असते. पाच प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतले धिप्पाड फॉरवर्ड, जमले म्हणून खूश होणारा निवडकर्ता मला नेहमी भिंतीआधी रंग विकत घेणाऱ्या माणसासारखा वाटतो.

शक्य असेल तर गटातला सर्वांत अवघड सामना पहिला येऊ देऊ नका. वेळापत्रक आपल्या हातात नसतं, हे मान्य. मग निदान एखादा सराव सामना तरी मागून घ्या.

चूक दुसरी: कागदपत्रांच्या बाबतीत वरातीमागून घोडं

‘माझी आजी तिकडचीच’ हे वाक्य पुरावा ठरत नाही. आजी कुठली होती यापेक्षा आजी कुठे जन्मली होती, हा प्रश्न आहे. घरात ती भाषा बोलतात, आडनाव तिकडचं आहे, उन्हाळ्यात सगळे तिकडे जातात, या सगळ्याला भावनिक किंमत आहे. पात्रतेच्या अर्जात मात्र त्याची किंमत शून्य.

भावकीतल्या, पंधरा जणांच्या रग्बी युनियनने हा धडा २००० मध्ये चारचौघांत शिकला. वेल्सकडून १९ कसोटी सामने खेळलेल्या शेन हॉवर्थची पात्रता आजोबांच्या जन्मस्थानावर आधारलेली होती आणि ती टिकली नाही. ब्रेट सिंकिन्सनचंही तेच झालं. स्कॉटलंडचा डेव्हिड हिल्टनही त्यात सापडला. खेळाडूंना घरच्यांनी जे सांगितलं ते त्यांनी पुढे सांगितलं असेल, पण कागद कुणी पाहिला नव्हता, ही चूक संघटनेचीच.

स्थलांतर करताना आडनावांचं स्पेलिंग बदलतं, जन्मनोंदी एखाद्या धर्मसंस्थेच्या वहीत असतात, सीमा सरकतात. अशा ठिकाणी एक दाखला मिळवायला महिने जातात. म्हणून अंतिम संघ निवडल्यावर कागद मागू नका. पन्नास-साठ नावांची लांब यादी तयार होताच प्रत्येकाकडून तीन कागदांची साखळी मागा: खेळाडूचा जन्मदाखला, संबंधित आई किंवा वडिलांचा आणि मग आजी-आजोबांचा. मधली एक कडी नसेल तर नाव बाजूला ठेवा, मग तो कितीही मोठा खेळाडू असो.

चूक तिसरी: एका स्पर्धेच्या यशाला पाया समजणं

अमेरिकेची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. २०१३ च्या विश्वचषकात पदार्पणातच त्यांनी कुक आयलंड्सला आणि वेल्सला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुढे ऑस्ट्रेलियाने ६२-० ने धुतलं, पण त्याचं काही वाईट वाटण्यासारखं नव्हतं. खरी अडचण मायदेशी होती, जिथे दोन संघटना आपापल्या स्पर्धा चालवत भांडत होत्या. २०१७ मध्ये पुढच्या विश्वचषकात निकाल असे: फिजी ५८-१२, इटली ४६-०, पापुआ न्यू गिनी ६४-०. तिन्ही पराभव. चार वर्षांपूर्वीचे बाहेरून आलेले खेळाडू पांगले होते आणि त्यांची जागा घ्यायला खाली कुणी तयार झालं नव्हतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्याच विषयाला जोडून एक गोष्ट. चांगला खेळाडू जाणार, हे गृहीत धरा. जेम्स टेडेस्को २०१३ आणि २०१७ मध्ये इटलीकडून खेळला, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून पदार्पण केलं आणि २०२२ मध्ये त्यांचा कर्णधार म्हणून विश्वचषक उचलला. नियम त्याला परवानगी देतो. त्याच्यावर रुसून बसण्यापेक्षा त्याच्या जागेवरचा दुसरा आणि तिसरा खेळाडू कोण, हे आधी लिहून ठेवलेलं बरं. वारं उलटंही वाहतं. २०१७ च्या विश्वचषकासाठी जेसन टाउमालोलोने न्यूझीलंड आणि अँड्र्यू फिफिटाने ऑस्ट्रेलिया सोडून टोंगा निवडलं. टोंगाने हॅमिल्टनमध्ये न्यूझीलंडला २८-२२ हरवलं आणि उपांत्य फेरीत इंग्लंडशी २०-१८ पर्यंत झुंज दिली.

चूक चौथी: स्थानिक खेळाडूला फक्त जर्सी देणं

ग्रीसमध्ये हा खेळ अनेक वर्षं अधिकृत मान्यतेशिवाय, कधी कधी चक्क लपूनछपून खेळला गेला. मान्यता मिळाली ती २०२२ मध्ये, विश्वचषकाच्याच वर्षी. शेफील्डला इंग्लंडकडून ९४-४ असा मार बसला. तरी त्या संघात ऑस्ट्रेलियात वाढलेल्यांबरोबर ग्रीसमध्ये खेळ शिकलेले खेळाडू होते आणि माझ्या मते त्या ९४ गुणांपेक्षा ही नोंद महत्त्वाची आहे.

नेहमीची चूक अशी असते: संघात स्थानिक खेळाडू चार, मैदानात शून्य. सरावाला पॅड धरायला ते, छायाचित्रात पुढच्या रांगेत ते आणि सामना सुरू झाला की राखीव बाकावरही नाहीत. मग घरी परतल्यावर ते इतरांना काय सांगणार? प्रत्येक सामन्यात निदान दोघांना खरी मिनिटं द्या, आणि निकाल हातातून गेल्यावर उरलेली पाच मिनिटं त्यात धरू नका. सरावात हेरिटेज खेळाडूंसोबत त्यांच्या जोड्या लावा. व्यावसायिक हुकर प्ले-द-बॉलमागून (टॅकल झालेला खेळाडू पायाने चेंडू मागे सरकवतो तिथून) चेंडू कसा उचलतो, हे शेजारी उभं राहून पाहिल्यावर जेवढं कळतं, तेवढं दहा चित्रफितींतून कळत नाही.

पापुआ न्यू गिनीकडे पाहा. तिथे या खेळाला राष्ट्रीय खेळाचा मान आहे. त्यांचा हंटर्स संघ २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड कपमध्ये दाखल झाला आणि २०१७ मध्ये विजेता ठरला. फिजीचा सिल्कटेल्स हा संघही असाच ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेत उतरवला गेला. हा रस्ता महाग आहे आणि प्रत्येक देशाला परवडणार नाही. पण वर्षाला दोन हेरिटेज खेळाडू आठवडाभर शाळांमध्ये शिकवायला येतील, एवढं ठरवायला फार पैसा लागत नाही. हे बोलणं निवडीच्या वेळीच करा. स्पर्धा संपल्यावर फोन उचलले जात नाहीत.

चूक पाचवी: कार्यालय कोलमडलेलं, संघ ताऱ्यांचा

२०१९ मध्ये टोंगाच्या खेळाडूंचं आपल्याच संघटनेशी इतकं बिनसलं की संघाला ‘टोंगा इन्व्हिटेशनल’ या नावाने खेळावं लागलं. त्याच नावाखाली त्यांनी ग्रेट ब्रिटनला १४-६ आणि आठवड्याने ऑस्ट्रेलियाला १६-१२ ने हरवलं. पुढच्या वर्षी जुनी संघटना आंतरराष्ट्रीय महासंघातून बाहेर काढली गेली. ताऱ्यांमुळे सामने जिंकता येतात. प्रवासभत्ता, विमा आणि प्रशिक्षकाचा करार मात्र कुणीतरी टेबलावर बसूनच सांभाळावा लागतो.

आणि एक चूक आपली, प्रेक्षकांची

‘हे कसले तिकडचे, राष्ट्रगीत तरी येतं का?’ टाउमालोलोचा जन्म ऑकलंडचा. हॅमिल्टनच्या त्या सामन्यात टोंगाच्या लाल रंगात न्हाऊन निघालेल्या प्रेक्षकांपैकीही कितीतरी जण न्यूझीलंडमध्येच वाढलेले होते. त्यांना कुणी परीक्षा घेऊन स्टेडियममध्ये सोडलं नव्हतं.

२०२२ च्या पुरुष विश्वचषकात १६ संघ होते, २०२६ साठी जागा १० च आहेत. ज्या संघांना या वेळी तिकीट नाही, त्यांच्या हाती पुढच्या पात्रता फेरीपर्यंत वेळ आहे. ती साठ नावांची यादी आणि तीन कागदांची साखळी आताच सुरू करता येईल.