घाणेरी छाटू नका, गाठीखालून तोडा

पाऊस मुरून माती मऊ झाली आहे. गायरान, देवराईची कड, ओढ्याकाठ इथली घाणेरी (रान व्यापणारं परदेशी झुडूप, कुठे टणटणी म्हणतात) आत्ताच काढायला घ्या. ऑक्टोबरच्या उन्हात जमीन आवळली की कुदळ उडते, आणि तोवर बुलबुलांनी काळी फळं खाऊन बी रानभर टाकलेलं असतं.

चूक दरवर्षी तीच. कोयत्याने गुडघ्याएवढं छाटायचं आणि रान साफ झालं म्हणायचं. घाणेरीचा जीव मुळाच्या माथ्यावरच्या गाठीत असतो. वरून छाटली की तिथूनच ती आणखी दाट फुटते.

बुंध्याजवळचा पाला हाताने सारा. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे खडबडीत गाठ लागते. एकाने झुडूप ताणून धरावं, दुसऱ्याने मातीखाली ३ ते ५ सेंमीवर, गाठीच्या खालून, तिरका घाव घालून मुख्य मूळ तोडावं. खोल खड्डा खणू नका, उकरलेल्या मातीत घाणेरीचंच बी उगवतं. झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा. ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या पेरावर मुळं धरतात.

सुरुवात दाट पट्ट्यापासून नको. जिथे करवंदं आणि मारवेल, पवन्या ही देशी गवतं अजून तग धरून आहेत तिथून करा. ते रिकामी जागा लवकर भरतात, असा आमचा अंदाज.

पेटवू नका: देशी रोपं जळतात, घाणेरी बुडातून पुन्हा येते. दुकानदार ग्लायफोसेट या तणनाशकाचा कॅन पुढे करील. त्याने गवतही जातं, शिवाय केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता ठेवणारी अधिसूचना काढली आहे. पैसे मजुरीला ठेवा.

बाकीची कामं:
- हातमोजे, पूर्ण बाह्या.
- पाला गुरांना नको. यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलते.
- गाजरगवत फुलाआधी मुळासकट उपटा. फारच माजलं तर मेट्रिब्युझीन हे तणनाशक ०.३ ते ०.५ टक्के फवारा, बाकीचं गवत वाचतं.
- वनखात्याची जमीन असेल तर आधी परवानगी.

मोकळ्या जागी लगेच मारवेलचं बी मातीत कालवून फेका. पुढची दोन वर्षं पावसाळ्यात फेरी मारा, आणि आधी पक्षी बसतात त्या झाडांखाली बघा. वीतभर रोपटी तिथेच सापडतात. ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतात.