भट्टी रात्री पेटते, हॉस्टेल साडेसातला बंद होतं

पहिल्या दोन महिन्यांत मी वाळूचे चाळीसेक नमुने तपासले आणि ते सगळे वाया गेले. प्रयोगशाळेत काही चुकलं नव्हतं. मी नमुने घेत होते सकाळी अकराला आणि फाउंड्रीची, म्हणजे वाळूच्या साच्यांत वितळलेला धातू ओतणाऱ्या कारखान्याची, भट्टी पेटायची रात्री दहानंतर, विजेचा दर उतरला की. सकाळी थंडगार पडलेली वाळू आणि रात्री तिसऱ्या हीटनंतर (भट्टीतल्या धातूच्या एका खेपेला हीट म्हणतात) साच्यातून सुटून परत आलेली गरम वाळू, या दोन वेगळ्याच गोष्टी. कारखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. मी विचारलं नव्हतं म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

मी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग मेकॅनिकलला बीई, एम.टेक. आणि आता व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाच्या, अखत्यारीतल्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. काम तिघांचं मिळून: कॉलेज, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली एक फाउंड्री आणि केंद्र सरकारच्या एका खात्याचा निधी. आमच्याकडच्या मुलामुलींचे फोन येतात, "ताई, रिसर्च म्हणजे नेमकं काय करायचं? पगार मिळतो काय?" दर वेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

आधी जागेबद्दल. खानापूरहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळ बसा. मच्छ्याला ज्ञानसंगम, व्हीटीयूचं मुख्य आवार, दिसतं. सगळ्या राज्याचं तंत्रविद्यापीठ १९९८ साली इथे आलं. पुढे पिरनवाडी आणि मग उद्यमबाग. ओतकाम, मशीनिंग, हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह, सगळं हाकेच्या अंतरावर. उत्तरेला हायवेवर हत्तरगीला विमानाचे सुटे भाग बनतात. म्हणजे प्रश्न शोधायला बेंगळूरला जायची गरज नाही. तरीही आमच्यातले बरेचजण परदेशी पेपर वाचून विषय ठरवतात आणि मग तो कुठल्या कारखान्याला चिकटवता येईल ते बघत फिरतात. मीही तेच केलं होतं. पहिल्या भेटीत मालकांनी माझं सादरीकरण शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हे छान आहे हो. पण माझा माल पावसाळ्यात जास्त का परत येतो, ते कोण बघणार?"

तोच माझा विषय झाला.

हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी बाहेरून कितीही देखणी दिसली तरी आत ब्लो होल, म्हणजे वायू अडकून झालेली पोकळी, असेल तर दाबाखाली तेल झिरपतं. आणि हे कळतं केव्हा? ओतून, घासून, मशीनिंग करून झाल्यावर, शेवटच्या चाचणीला. तोवर त्या तुकड्यावर सगळा खर्च झालेला असतो. कारणं पुष्कळ असू शकतात, पण आमच्या बाबतीत बोट वाळूकडे जात होतं. ओल्या साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि साधारण ३ ते ४ टक्के पाणी असतं. पाणी जास्त झालं की ओतलेल्या धातूच्या उष्णतेने वाफ होते आणि ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर धातूतच अडकते. कमी झालं तर साच्याच्या कडा ढासळतात आणि वाळूचे कण मालात जातात. परत आलेली वाळू ५० अंशांच्या वर गरम असेल तर आणखी घोळ: पाणी उडत राहतं, वाफ थंड पॅटर्नवर, म्हणजे साचा उठवायच्या नमुन्यावर, जमते, वाळू पॅटर्नला चिकटते. मिक्सरमध्ये मोजलेला आकडा साच्यापर्यंत पोचेस्तोवर खोटा ठरलेला असतो. त्यात बेळगावचा पाऊस. नवी वाळू उघड्यावर पडलेली असली तर भिजूनच येते.

प्रयोगशाळेत आम्ही ५० मिलिमीटर व्यासाचा, ५० मिलिमीटर उंचीचा नमुना तीन ठोके देऊन बनवतो आणि त्याची ताकद, हवा किती पास होते ते मोजतो. फाउंड्रीतले मिस्त्री मूठभर वाळू घेतात, दाबतात, दोन बोटांनी मोडतात आणि मोडलेल्या कडेकडे बघतात. सुरुवातीला मला वाटायचं, हा जुना अंदाजपंचे प्रकार. मग एका रात्री मी त्यांना प्रत्येक मुठीनंतर 'ओली', 'बरोबर' किंवा 'कोरडी' एवढंच सांगायला लावलं आणि त्याच वाळूचे नमुने मोजले. पाण्याच्या टक्केवारीशी त्यांचं फारसं जुळलं नाही. कॉम्पॅक्टेबिलिटीशी, म्हणजे सैल वाळू दाबल्यावर किती बसते या आकड्याशी, छान जुळलं. म्हणजे आम्ही चुकीची गोष्ट मोजत होतो आणि ते बरोबर गोष्ट हातानं मोजत होते. "आता पटलं न्हवं, पोरी?" असं म्हणून ते चहाला गेले. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या रात्रीतून निघालंय.

रात्रीचा प्रश्न मुलींसाठी वेगळा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद. गाइडचं पत्र, कॉलेजचं पत्र, कारखान्याचं पत्र, सगळं दिलं तरी वॉर्डनबाईंचं उत्तर एकच. शेवटी हीटच्या रात्री मी पिरनवाडीला मामाकडे राहायला लागले. मामी जागी राहायची, मामा गाडीवरून न्यायला यायचा. ज्यांचा मामा पिरनवाडीला नाही त्यांनी काय करावं? प्रकल्पाचा अर्ज लिहितानाच रात्रीच्या येण्याजाण्याचा खर्च प्रवासाच्या रकान्यात धरायला गाइडला सांगा. नंतर तो घुसवता येत नाही.

आता पैसा. पदवीच्या शेवटच्या वर्षात असाल तर कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेची, म्हणजे केएससीएसटीची, विद्यार्थी प्रकल्प योजना बघा. अर्ज कॉलेजमार्फत जातो, रक्कम छोटी असते, पण प्रस्ताव लिहायची सवय इथेच लागते. ही राज्याची योजना, कर्नाटकातल्या कॉलेजांसाठी. पलीकडे शिनोळीला, चंदगड तालुक्यात, आपल्याच ओळखीचे कारखाने आहेत, पण तो महाराष्ट्र. सीमा आपल्या बोलण्यात नसते, योजनेच्या अटींत मात्र असते. केंद्राच्या प्रकल्पात जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून लागलात तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, पुढे एसआरएफला (सीनियर रिसर्च फेलो) ४२,०००. त्यासाठी नेट किंवा गेट ही राष्ट्रीय परीक्षा पास असावी लागते, म्हणून गेट द्याच, नोकरीला जायचं असलं तरी. पीएच.डी.साठी पंतप्रधान फेलोशिप नावाचीही एक योजना निघाली, तिच्यात अर्धी रक्कम सरकारची आणि अर्धी कंपनीची.

आकडा कागदावर चांगला दिसतो. हातात तो हप्त्याहप्त्याने येतो. मागच्या वर्षाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी कशावर खर्च झाला त्याचा दाखला (फॉर्म १२-ए), लेखापालांच्या सहीने गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. त्या एका सहीपायी माझी फेलोशिप पाच महिने अडली होती. मेसचे पैसे बाबांनी भातविक्रीतून दिले. तेव्हा पहिल्या महिन्यापासून थोडं बाजूला टाका, आणि बिलांची फाइल स्वतः ठेवा, ऑफिसवर सोडू नका.

करार मात्र शब्द न् शब्द वाचा. शाल घालून, हार घालून फोटो काढतात तो सामंजस्य करार. त्यात "सहकार्य करू" यापलीकडे सहसा काही नसतं. खरा तो प्रकल्पाचा करार. त्यात चार गोष्टी बघा: शोध कुणाच्या मालकीचा, पेपर छापण्याआधी कंपनीला किती दिवस दाखवायचा, कंपनीची कुठली माहिती बाहेर न्यायची नाही आणि चाचणीसाठी ओतलेला माल खराब झाला तर भुर्दंड कुणाचा. शेवटचा मुद्दा कुणी लिहीत नाही आणि भांडण त्यावरच होतं. आमचे एका हीटचे साचे मी सांगितल्याप्रमाणे केले होते आणि त्यातला जवळजवळ सगळा माल बाद झाला. पुढचे पंधरा दिवस मालक माझ्याशी फक्त नमस्कारापुरते बोलले.

पेटंटचं दुसरं. पेपर आधी छापला की शोधाचा नवेपणा गेला असं धरून चाला. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरायचा, मग पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सूट आहे, तेव्हा खर्चाचं कारण कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. मी स्वतः एका परिषदेच्या पोस्टरवर ग्राहकाचा पार्ट नंबर दिसेल असा फोटो लावला होता. आदल्या रात्री गाइडच्या लक्षात आलं, म्हणून निभावलं.

भाषेची भीती घालवा. फाउंड्रीत मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात चालतं, राज्य सरकारी कार्यालयात कन्नड आणि अहवालात इंग्रजी. मराठी शाळेत शिकलेलं कन्नड कमी पडतं, पण मोल्डिंग लाइनवर उभं राहिलं की सहा महिन्यांत सुधारतं. उलट आपला फायदाच आहे. बेंगळूरहून आलेल्या मुलांना मिस्त्री "सगळं ठीक हाय सर" एवढंच सांगतात. आपल्याला सांगतात की काल दुपारी मिक्सरचं पातं बदललंय आणि तेव्हापासून वाळू नीट मळत नाही.

तिघांची घड्याळं मात्र कधीच जुळत नाहीत. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं, कॉलेजचं सेमिस्टर तेव्हा ऐन मध्यावर असतं आणि कारखान्यालाही मार्चअखेर माल पाठवायची घाई, म्हणजे तुमच्या चाचणीला भट्टी मिळत नाही. चाचण्या डिसेंबरच्या आत उरका. पावसाळ्याचाच विषय असेल, माझ्यासारखा, तर एक पावसाळा चुकला की वर्ष गेलं. माझं गेलं.

उद्यमबागेत पहिल्यांदा जाताना सुती पँट घाला. टेरिकॉटवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. ओढणी घरी ठेवा, केस बांधा, बूट पायाचा घोटा झाकणारे. फोन बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, तेव्हा खिशात लहान वही आणि पेन्सिल. बॉलपेन नको, वाळूच्या धुळीत ते चालेनासं होतं.