दिल्लीतली स्मारकं बघताना या चुका टाळा

दिवाळी झाली किंवा मे महिना लागला की गावाकडून कुणी ना कुणी दिल्लीला येतंच, आणि दरवेळी चुका त्याच. फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक इंडिया गेटची. लोकांना वाटतं आपल्या सगळ्या शहीद जवानांची नावं तिथेच कोरलीयेत. तसं नाहीये. इंडिया गेट 1931 चं, ब्रिटिश वास्तुविशारद ल्युटन्सने डिझाइन केलेलं, आणि त्यावरची 13 हजारांहून जास्त नावं पहिल्या महायुद्धात आणि 1919 च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. 62, 65, 71, कारगिल, या सगळ्यांची नावं शेजारच्या राष्ट्रीय समर स्मारकात आहेत, जे फेब्रुवारी 2019 मध्ये सुरू झालं. कमानीखालची अमर जवान ज्योतसुद्धा जानेवारी 2022 मध्ये तिथल्या ज्योतीत विलीन केली, तरी लोक अजून कमानीखाली ज्योत शोधत असतात.

ओळखीचे एक काका आहेत, साताऱ्याकडचे. त्यांचा शाळेतला मित्र 71 च्या लढाईत गेला, त्याचं नाव बघायचं एवढ्या एकाच इच्छेने ते एका टूरबरोबर दिल्लीला आले. टूरवाल्यांनी इंडिया गेटपासून लांब बस लावली आणि म्हणाले, पटकन फोटो काढून या. काका साखळीच्या बाहेरून मान वर करून इंग्रजी अक्षरं वाचत उभे, टूर मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, इथेच असेल बघा कुठेतरी. सांगा, माणूस एवढ्या लांबून एका नावासाठी येतो आणि त्याला हे उत्तर! रात्री हॉटेलवरून मला फोन आला तेव्हा आवाज पार पडलेला. म्हटलं काका, उद्या सकाळी ग्रुप सोडा आणि माझ्याबरोबर चला, पण त्याआधी गावी फोन करून मित्राचं पूर्ण नाव आणि रेजिमेंट विचारून घ्या. कारण समर स्मारकात त्याग चक्र म्हणून गोलाकार भाग आहे, त्याच्या भिंतींवर 25 हजारांच्या वर नावं आहेत, नुसतं आडनाव माहीत असून काही उपयोग नाही. ग्रॅनाइटच्या विटांसारख्या पाट्या आहेत, एका पाटीवर एकच नाव, सोनेरी अक्षरात. तिथल्या जवानाला कागद दाखवला, त्याने शोधायला मदत केली आणि नाव सापडलं. काकांनी रुमालाने ती पाटी पुसली, फोटो काढून मित्राच्या धाकट्या भावाला पाठवला, तर तिकडून लगेच व्हिडिओ कॉल, अख्खं घर स्क्रीनवर.

त्यामुळे माझी पद्धत अशी की घरून निघतानाच नाव, रेजिमेंट आणि वर्ष कागदावर लिहून घ्यायला लावतो, आणि समर स्मारकाला निदान दोन तास ठेवतो. जमलं तर संध्याकाळ गाठा, रोज एखाद्या शहीद जवानाच्या घरचं माणूस येऊन पुष्पचक्र वाहतं. परमवीर चक्र विजेत्यांचे पुतळे पण आहेत, त्यात पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे तारापोर आणि खेत्रपाल बघितल्याशिवाय परत येऊ नका.

दुसरी चूक, सोमवार. लाल किल्ला, गांधी स्मृती, नॅशनल म्युझियम, लोटस टेंपल, अक्षरधाम, सगळं सोमवारी बंद. शनिवार-रविवार लागून येतो म्हणून सोमवारची सुट्टी टाकून येतात आणि बंद गेटसमोर उभे राहतात. सोमवारी कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर करा, ती चालू असतात. तसंच 26 जानेवारीच्या आधी कर्तव्य पथ (जुना राजपथ) परेडच्या रिहर्सलसाठी बंद होतो आणि 15 ऑगस्टच्या आधी लाल किल्ला, तेव्हा त्या दिवसांत येत असाल तर आधी चौकशी करा.

लाल किल्ल्यात लोक लाहोरी गेटवर सेल्फी घेतात, छत्ता चौकात बांगड्या-पर्सची खरेदी करतात आणि थकले म्हणून तिथूनच परत. अहो, आत दिवाण-ए-खासपर्यंत तरी जा! 1760 मध्ये पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी याच दालनाच्या छताची चांदी काढून नाणी पाडली होती. लहानपणापासून पानिपत ऐकत आलेला मराठी माणूस त्या छताखाली न जाता परत येतो याचं मला फार वाईट वाटतं. आणि एका दिवसात दहा पॉइंट दाखवणारी बस घेऊच नका, त्यात स्मारकांपेक्षा पार्किंगच जास्त बघून होतं.

कुतुबमिनारवर चढता येत नाही. 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर जिना बंदच आहे, गार्डशी वाद घालू नका. कुतुबमिनार नावाचं मेट्रो स्टेशन मिनारला लागून नाहीये, पुढे रिक्षा लागते. हुमायूनच्या कबरीकडे जाताना उजव्या हाताची इसा खानची कबर सोडू नका, ती हुमायूनच्या कबरीपेक्षा जुनी आहे.

राजघाटावर बरेच जण मुलांना सांगतात की गांधीजींना इथे गोळी लागली. तिथे अंत्यसंस्कार झाले. 30 जानेवारी 1948 ची जागा म्हणजे बिर्ला हाऊस, आताची गांधी स्मृती. प्रार्थनेला जाताना ते ज्या वाटेने चालत गेले तिथे पावलांच्या खुणा केल्यात, मुलांना त्या वाटेने चालवत न्या, मग पुस्तकातलं वेगळं समजवावं लागत नाही.

आणि 26, अलिपूर रोड. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 6 डिसेंबर 1956 ला याच जागेवर झालं, तिथे 2018 मध्ये उघडलेलं राष्ट्रीय स्मारक आहे, उघडलेल्या संविधानाच्या पुस्तकासारखी इमारत. चैत्यभूमीला दरवर्षी जाणारे आपल्याकडचे कितीतरी लोक दिल्लीत येऊन इथे न जाताच परततात, कारण टूरच्या यादीत ते नसतं. येलो लाइनने सिव्हिल लाइन्सला उतरा, तिथून रिक्षा करा. रिक्षावाला म्हणाला की आज बंद आहे, त्यापेक्षा चांगलं एम्पोरियम दाखवतो, तर सरळ खाली उतरून दुसरी रिक्षा पकडा.